७६ वर्षांच्या वडिलांना कार्डियाक अमायलॉयडोसिस आहे, त्यांनी व्यायाम किती आणि कसा करावा?

आधी तुमचा प्रश्न माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे काही चुकीचं समजले असले तर लक्षात येईल. वडील ७६ वर्षांचे, पुण्यात सहकारनगरला राहतात. तीसेक वर्षं रोज पहाटे पर्वतीची टेकडी चढायचे. गेल्या वर्षभरात निम्म्या पायऱ्यांवरच दम लागायला लागला, पावलांवर सूज आली. इको आणि न्यूक्लिअर स्कॅन होऊन चार महिन्यांपूर्वी एटीटीआर प्रकारचा, म्हणजे ट्रान्सथायरेटिन या प्रथिनामुळे होणारा कार्डियाक अमायलॉयडोसिस असल्याचं निदान झालं. दहा वर्षांपूर्वी दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं, म्हणजे दबलेला मज्जातंतू मोकळा करायचं, ऑपरेशन झालंय. सध्या लघवीची गोळी आणि रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. डॉक्टर म्हणाले, "हालचाल चालू ठेवा." कट्ट्यावरचे मित्र म्हणतात, रोज दहा हजार पावलं टाका, हार्ट मजबूत होईल. आणि आई त्यांना पाण्याचा पेला घ्यायलाही उठू देत नाही. यातलं कुणाचं ऐकायचं, असं तुम्ही विचारलंय.

डॉक्टरांचं. पण "हालचाल चालू ठेवा" एवढ्यावर घरच्यांना काही करता येत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी पुण्यात बावीस वर्षं हृदयरुग्णांची फिजिओथेरपी करते आहे. या आजाराचे रुग्ण पूर्वीही असणार, पण त्यांच्या फायलीवर "बीपीमुळे हृदयाची भिंत जाड" किंवा नुसतंच "वयोमानानुसार" असं लिहिलेलं असायचं. आता ते नेमक्या निदानासह येतात.

आजार नक्की काय करतो हे कळल्याशिवाय व्यायामाचा हिशोब कळणार नाही. लिव्हरमध्ये ट्रान्सथायरेटिन नावाचं एक प्रथिन तयार होतं. थायरॉइडचं हार्मोन आणि अ जीवनसत्त्व रक्तातून वाहून नेणं हे त्याचं काम. उतारवयात, किंवा जन्मजात जनुकीय दोष असेल तर, हे प्रथिन सुटं होऊन त्याच्या चुकीच्या घड्या पडतात, त्याचे तंतू, म्हणजेच अमायलॉयड, बनतात आणि ते हृदयाच्या स्नायूत साचत जातात. भिंत जाड होते, पण ही जाडी ताकदीची नव्हे. जुन्या काळची चामड्याची पखाल आठवा. मऊ पखाल पाण्यानं टम्म फुगते. तीच वाळून कडक झाली की तिच्यात पाणी मावतच नाही, मग पिळून बाहेर किती पडणार? म्हणूनच रिपोर्टवर पंपिंग ५०-५५ टक्के, म्हणजे जवळजवळ नॉर्मल दिसतं आणि माणूस मात्र एका जिन्यात धापा टाकतो. मुळात भरलेलंच कमी, त्याचे ५५ टक्के म्हणजे किती?

आपण चालायला लागलो की निरोगी हृदय दोन गोष्टी करतं: ठोके वाढवतं आणि प्रत्येक ठोक्याला जास्त रक्त ढकलतं. तुमच्या वडिलांच्या बाबतीत दुसरी गोष्ट जवळजवळ बंद झालेली आहे. पहिलीवरही मर्यादा आहे, कारण ठोके फार वाढले तर त्या कडक पिशवीला भरायला वेळच मिळत नाही. शिवाय हे तंतू हृदयातल्या विजेच्या वाटेवरही साचतात, त्यामुळे बऱ्याच जणांचे ठोके हवे तेव्हा वाढत नाहीत किंवा लय अनियमित होते. या आजारात बीटा ब्लॉकर, डिल्टियाझेम किंवा व्हेरापामिल यांसारख्या ठोके कमी करणाऱ्या गोळ्या अनेकांना सोसत नाहीत त्या याचमुळे. अशी एखादी जुनी बीपीची गोळी अजून चालू असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा. स्वतःहून मात्र बंद करू नका.

तेव्हा "हार्ट मजबूत होईल" हे डोक्यातून काढून टाका. व्यायामानं साचलेलं प्रथिन निघत नाही. मजबूत करायच्या आहेत मांड्या, पोटऱ्या आणि कंबर. स्नायू तयार असतील तर तेच काम कमी रक्तात भागतं, हृदयाकडे मागणी कमी जाते. हृदय मर्यादित आहे म्हणून खुर्चीत बसवून ठेवलं तर मांड्या वाळतात, आणि मग साधं खुर्चीतून उठणंही हृदयाला भारी पडायला लागतं. आईंची काळजी मला समजते, पण वयस्कर माणसाला नुसतं बसवून ठेवण्यातला तोटा फार लवकर दिसायला लागतो.

हृदयाकडे त्याच्या कुवतीबाहेर मागायचं नाही, हे मी एका चुकीतून शिकले. सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे सदाशिव पेठेतले एक निवृत्त शिक्षक आले, वय ७९, घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी पुस्तकातल्याप्रमाणे २२० मधून वय वजा केलं, त्याचे ७० टक्के काढले आणि ट्रेडमिलवर त्यांची नाडी शंभरच्या आसपास न्यायची ठरवली. नाडी ७२ वरून ८४ वर गेली आणि तिथेच अडकली. मला वाटलं व्यायाम कमी पडतोय, म्हणून चढ वाढवला. दोन मिनिटांत ते पांढरेफटक पडले, कठडा धरलेला हात घामानं निसटायला लागला. बीपी मोजलं तर वरचा आकडा ११८ वरून ९८ वर आलेला. चालताना तो वाढायला हवा होता. त्यांचं हृदय आणखी रक्त देऊच शकत नव्हतं आणि मी ते मागत होते. त्या दिवसापासून या रुग्णांना मी नाडीचं टार्गेट दिलेलं नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर किंवा हातातलं घड्याळ यांच्या आकड्यावरही व्यायाम ठरवू नका. लय अनियमित असेल तर ती यंत्रं नाडी सर्रास चुकीची दाखवतात.

मग मोजायचं कशानं? श्रमाच्या जाणिवेनं. आम्ही बोर्गची मोजपट्टी वापरतो: श्रम किती वाटतात त्याला ६ ते २० मधला आकडा द्यायचा. त्यात ११ ते १३, म्हणजे "हलकं" ते "थोडं कष्टाचं". घरासाठी मी सोपी खूण सांगते: चालता चालता तेराचा पाढा म्हणायचा. "तेरा चोक बावन्न" पर्यंत एका सुरात म्हणता आला तर वेग बरोबर आहे. प्रत्येक ओळीला श्वास घ्यायला थांबावं लागलं तर वेग कमी करा. एक ओळही पुरी होत नसेल तर बसा. या पिढीला पाढे पाठ असतात, त्यामुळे ही युक्ती हमखास चालते.

पुरावा किती आहे हेही सांगायला हवं. फक्त अमायलॉयडोसिसच्या रुग्णांवर व्यायामाचे मोठे प्रयोग झालेले नाहीत, जे आहेत ते छोटे आहेत. त्यामुळे मी जवळच्या पुराव्याचा आधार घेते. हार्ट फेल्युअरमुळे दवाखान्यात भरती झालेल्या वयस्कर लोकांवरचा रिहॅब-एचएफ हा अमेरिकेतला अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात ३४९ जण होते, सरासरी वय ७३ च्या आसपास. त्यांना ताकद, तोल, हालचाल आणि दमसास या चारही गोष्टी प्रत्येकाच्या कुवतीनुसार शिकवल्या. तीन महिन्यांनी उठणं, चालणं, तोल सांभाळणं यांत स्पष्ट फरक दिसला. पुन्हा भरती होण्याचं प्रमाण मात्र लक्षणीय कमी झालं नाही. माझा अनुभवही तसाच आहे. व्यायामानं आयुष्य वाढेल असं वचन मी देत नाही. संडासातून उठायला हाक मारावी लागत नाही, अंघोळ एका दमात होते, नातवाच्या मुंजीत तासभर उभं राहता येतं, हे मात्र मी वारंवार पाहिलंय.

आता काय काय परिस्थितीवर अवलंबून आहे ते. पहिलं म्हणजे प्रकार. तुमच्या वडिलांचा एटीटीआर आहे हे नक्की करताना रक्त-लघवीतल्या लाइट चेन प्रथिनांची तपासणी झालेली आहे ना, फाईल बघून खात्री करा. एएल नावाचा दुसरा प्रकार बोन मॅरोत तयार होणाऱ्या या लाइट चेनमुळे होतो, झपाट्यानं वाढतो आणि त्यावर तातडीनं रक्तविकारतज्ज्ञांचे उपचार लागतात. तिथे व्यायाम फारच हळू, कारण बीपी पडणं जास्त असतं आणि उपचारातल्या स्टेरॉइडनं मांड्या आणखी कमजोर होतात. दुसरं, एटीटीआरमध्येही जनुकीय चाचणी झाली नसेल तर तिच्याबद्दल विचारा. तो आनुवंशिक निघाला तर प्रश्न तुम्हा भावंडांचाही आहे. तिसरं, इकोमध्ये महाधमनीची झडप, म्हणजे एऑर्टिक व्हॉल्व्ह, किती अरुंद आहे ते बघा. म्हातारपणी हे दोन्ही आजार एकत्र सापडतात, आणि झडप खूप अरुंद असून त्रास होत असेल तर तिचा निर्णय होईपर्यंत व्यायाम थांबवायचा.

चौथी गोष्ट तुम्ही उद्याच घरी करू शकता. वडिलांना पाच मिनिटं आडवं झोपवून बीपी घ्या. मग उभं करून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटाला पुन्हा घ्या. वरचा आकडा २० किंवा खालचा १० नं पडत असेल, किंवा डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर डॉक्टरांना कळवा आणि तोवर सगळे व्यायाम बसून करा. अमायलॉयड मज्जातंतूंवरही बसतो, त्यामुळे उभं राहिल्यावर रक्तवाहिन्या आवळल्या जात नाहीत. अशांना जेवण झाल्यावर लगेच, गरम पाण्याच्या अंघोळीनंतर लगेच आणि लघवीच्या गोळीचा जोर असताना चालायला पाठवू नये. गोळी सकाळी सातला असेल तर व्यायाम दहाच्या सुमारास करा. बाथरूमच्या घाईत पडणारी माणसं मी खूप पाहिली आहेत, आणि रक्त पातळ असताना पडणं महागात पडतं.

कार्पल टनेलचं ऑपरेशन तुम्ही सहज लिहिलंत, पण माझ्या दृष्टीनं ते महत्त्वाचं आहे. हेच प्रथिन मनगटात, कण्यातल्या अस्थिबंधांत आणि दंडाच्या स्नायुबंधात आधीच, कधीकधी हृदयाच्या पाच-दहा वर्षं आधी, साचलेलं असतं. म्हणून त्यांना डंबेल गच्च धरायला लावू नका. पकड कमजोर असते आणि मूठ आवळून श्वास रोखला की बीपीचा गोंधळ होतो. त्याऐवजी वाळूचे पट्टे मनगटाला किंवा घोट्याला बांधा, अर्ध्या किलोपासून. झटका देऊन ओढायचे व्यायाम बंद, दंडाचा स्नायुबंध तुटल्याची उदाहरणं या आजारात आहेत. चालताना दमाच्या आधी पोटऱ्या भरून येत असतील आणि पुढे वाकल्यावर बरं वाटत असेल, तर दोष कण्याचा असू शकतो. अशांना चालण्यापेक्षा स्टॅटिक सायकल जास्त झेपते. तळपाय बधिर असतील तर अनवाणी व्यायाम नको, आणि रोज रात्री तळवे उलटून बघा.

एवढं सगळं बघून झालं की सुरुवात खुर्चीपासून. मला एकच व्यायाम निवडायला सांगितला तर मी हाच निवडेन. हात नसलेली, भिंतीला टेकवलेली, साधारण अठरा इंच उंच खुर्ची घ्या. हात छातीवर दुमडून पाच वेळा पूर्ण उठायचं-बसायचं आणि वेळ मोजायची. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले तर मांड्या उतरल्या आहेत असं आम्ही धरतो. हातांशिवाय उठताच येत नसेल तर बसायच्या जागी गोधडी घडी करून ठेवा. वर सांगितलेल्या त्या शिक्षकांचं पुढे मी असंच केलं. आधी चार घड्यांची गोधडी. आठवडाभरानं पाचही वेळा हात न लावता उठता आलं की एक घडी उलगडायची. उठताना श्वास सोडायचा, आणि बसताना धपकन न बसता तीन आकडे मोजत खाली यायचं. खरी ताकद त्या खाली येण्यात तयार होते. अडीच महिन्यांनी गोधडी कपाटात गेली. पहिल्या भेटीत ते म्हणाले होते की कमोडवरून उठताना मुलाला हाक मारावी लागते, तेवढं थांबलं तरी पुरे. ते थांबलं.

तर पहिले दोन आठवडे असे: एक दिवसाआड उठबस पाच वेळा, दोन मिनिटं विश्रांती, पुन्हा पाच वेळा. स्वयंपाकघरातल्या ओट्याला धरून टाचा उचलणं आठ-दहा वेळा. ओट्याशीच तोल सांभाळायचा: आधी पाय जुळवून, मग एक पाऊल अर्धं पुढे, मग एकामागे एक, प्रत्येकी दहा सेकंद, आणि शेजारी कुणीतरी उभं हवं. आठवड्यातून पाच दिवस चालणं, पण तुकड्यांत. दोन मिनिटं चालायचं, एक मिनिट बसायचं, असे पाच फेरे. सलग चालण्याचा हट्ट इथे उपयोगाचा नाही, कारण मधल्या बसण्यात हृदयाला भरायला वेळ मिळतो आणि एकूण चालणं जास्त होतं. वाढवायचं तेव्हा आधी फेरे वाढवा, मग प्रत्येक फेऱ्यातली मिनिटं. वेग सगळ्यात शेवटी. शेवटी वेग हळूहळू कमी करत थांबा. एकदम थांबलं की पायांतलं रक्त पायांतच राहतं आणि चक्कर बहुधा तेव्हाच येते.

दहा हजार पावलांचं म्हणाल तर तो आकडा या आजारासाठी कुणी ठरवलेला नाही. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी अंग गळून गेलं, झोपून राहावं लागलं, तर कालचा व्यायाम जास्त झाला, मग पावलं कितीही भरोत.

जागेचाही विचार करा. पर्वतीच्या पायथ्याशी सारसबाग आहे. सपाट वाट, जागोजागी बाकं, आणि ओळखीची माणसं भेटतात. माझ्या मते सध्या त्यांनी पायऱ्यांऐवजी तिथे जावं. पावसाळ्यात शेवाळलेल्या फरशीवर नेऊ नका, सोसायटीचं पार्किंग किंवा कॉरिडॉर चालेल. एप्रिल-मेमध्ये दहापर्यंत उन्हं तापलेली असतात, तेव्हाही कॉरिडॉरच बरा. लघवीच्या गोळीवर असलेल्या माणसाचं बीपी उन्हात चटकन उतरतं.

कधी थांबायचं हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं. वजन रोज सकाळी लघवी झाल्यावर, नाश्त्याआधी, त्याच काट्यावर घ्या आणि कॅलेंडरवर लिहा. दोन-तीन दिवसांत दीड-दोन किलो वाढलं, पाय जास्त सुजले, किंवा रात्री उशा वाढवाव्या लागल्या, तर अंगात पाणी साठतंय. व्यायाम बंद आणि त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. ताप असेल तर सुट्टी. छातीत दुखणं, नवी धडधड, चालताना डोळ्यांपुढे अंधारी येणं किंवा शुद्ध हरपणं यांत "थोडं बसल्यावर बरं वाटलं" म्हणून सोडून देऊ नका, लगेच दवाखाना गाठा. या आजारात विजेचा मार्ग बिघडून पेसमेकर लागू शकतो, आणि तसं काही असेल तर ते वेळेत कळायला हवं.

खाण्याबद्दल एवढंच: स्नायूंना प्रथिनं लागतात आणि या वयात भूक कमी असते, त्यामुळे डाळ, उसळ, अंडी, दही, पनीर दोन्ही जेवणांत वाटून द्या. किडनीचा रिपोर्ट दाखवून प्रमाण ठरवून घ्या. लोणचं, पापड, फरसाण यांतलं मीठ लघवीच्या गोळीचं काम बिघडवतं.

औषधांचा निर्णय तुमच्या कार्डिऑलॉजिस्टचा, पण एक आकडा सांगते, कारण अपेक्षा काय ठेवायची ते त्यातून कळतं. ट्रान्सथायरेटिनला सुटं होऊ न देणाऱ्या टाफामिडिस या औषधाचा ४४१ रुग्णांवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तीस महिन्यांत सहा मिनिटांत चालायचं अंतर औषध घेणाऱ्यांचंही कमी झालं, न घेणाऱ्यांचं त्याहून जास्त कमी झालं, आणि दोघांत सुमारे ७५ मीटरचा फरक पडला. म्हणजे या आजारात सहा महिन्यांनी अंतर आहे तेवढंच राहिलं तरी ती कमाई आहे. ते वाढलं नाही म्हणून वडिलांनी खट्टू होऊ नये, हे त्यांना आत्ताच सांगून ठेवा.

ते पर्वती पुन्हा चढता येईल का असं विचारतात, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. एका दमात १०३ पायऱ्या हे ध्येय मी त्यांना देणार नाही. घराचा एक जिना, मधल्या वळणावर खुर्ची ठेवून, दोन्ही पाय एका पायरीवर आणत चढणं, हे मी तीन महिन्यांनी बघेन. पुढचं त्यानंतर.

या आठवड्यात तीन गोष्टी करा: झोपून-उभं राहून बीपी, पाच उठबशींची वेळ, आणि जवळच्या कार्डियाक रिहॅब, म्हणजे हृदयरुग्णांच्या पुनर्वसन विभागात सहा मिनिटांची चालण्याची चाचणी, चालण्याआधी आणि नंतर बीपी मोजून. हे तीन आकडे आणि गोळ्यांची पूर्ण यादी इथे लिहिलीत तर फेरे आणि विश्रांती किती ठेवायची ते मला जास्त नेमकं सांगता येईल. आणि आईंना त्या खुर्चीशेजारी उभं करा. उठबशी त्यांनी मोजाव्यात, तेराचा पाढाही त्यांनीच ऐकावा. आणि पाण्याचा पेला वडिलांनाच उठून घेऊ द्या.